पाकीटबंद चाल परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
नाट्यसंहिता तपासणी कार्यालय,
जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : 'संगीत तहकूब' या नाटकाच्या संहितेसोबत जोडलेले व आपल्या कार्यालयाने फोडलेले पाकीट आतील चिठ्ठीसह परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ चे पत्र, एकूण हरकती चौदा.

महोदय,

माझे पाकीट तुमच्या कार्यालयाने फोडले आहे. 'फोडले गेल्याचे समजते' असे लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे, पण समजायला काही उरलेले नाही. हरकत क्र. ९ मध्ये तुम्हीच लिहिले आहे : "पाकिटातील चिठ्ठीवरील अक्षर व अंक सांकेतिक स्वरूपाचे आढळल्याने चिठ्ठी पुढील तपासासाठी ठेवून घेण्यात आली आहे." आढळले म्हणजे वाचले, आणि वाचायला आधी फोडावे लागते. एकतीस वर्षे ते पाकीट बंद होते.

१. मी नाट्यगृहात पडदा ओढतो. सत्तावीस वर्षे सगळी नाटके विंगेतून, म्हणजे कडेने पाहिली. लिहायला तिथेच शिकलो, कुणी शिकवले नाही. त्याआधी मी बुद्धिबळाच्या स्पर्धांत फलकवाला होतो. खेळाडू खाली टेबलावर चाल करतात, आणि मागे भिंतीवरच्या मोठ्या फलकावर तीच चाल प्रेक्षकांसाठी लांब काठीने करून दाखवतो तो फलकवाला. त्याच्याकडे कुणी बघत नाही, सगळे फलक बघतात.

२. एकतीस वर्षांपूर्वी आपल्या आणि समोरच्या देशाचा सामना झाला. दोन्हीकडचे मंत्री पहिल्या रांगेत येऊन बसले आणि कुणाची खुर्ची उंच यावरून पहिला दिवस खेळ सुरूच झाला नाही. मी हे नाटकात जसेच्या तसे घातले. त्यावर तुमची हरकत क्र. २ : आपल्या मंत्र्यांची खुर्ची दोन इंच उंच दाखवावी. महोदय, त्या दिवशीही सुतार बोलावून नेमके हेच केले होते. मग समोरच्यांनी त्यांचा सुतार बोलावला. तुमची हरकत मी तिसऱ्या प्रवेशात तशीच्या तशी गाण्यात वापरू शकतो, फक्त चाल लावायची बाकी आहे.

३. त्यांच्या संघात एक बाई होती. खेळ नसेल तेव्हा ती सभागृहामागच्या खोलीत चहाला येई. तिला आमच्या भाषेतले वीसेक शब्द येत होते, मला तिच्या भाषेतले तेवढेही नाहीत. एक दिवस तिने माझी काठी बाजूला ठेवली आणि पट मांडला. "तुम्ही सगळ्यांच्या चाली करता. स्वतःची करा," म्हणाली. दहा दिवस आम्ही तो एकच डाव खेळलो. बोलणे म्हणजे घरांची नावे. ई चार. ई पाच. घोडा एफ तीन. ती माझी चूक बघून हसायची आणि मी मुद्दाम चुकायचो, तेही तिने ओळखले. "खोटी चूक नको," तिने सुनावले.

चौथे युगुलगीत यावरच आहे. त्यात एकही प्रेमाचा शब्द नाही, नुसती घरे आहेत. तरी हरकत क्र. ५ त्याला 'अश्लील वा सांकेतिक' म्हणते. दोहोंपैकी काय ते एक नक्की करा.

४. अकराव्या दिवशी त्यांच्या संघाला तातडीने परत बोलावले. डाव अर्धवट होता. अर्धवट डाव तहकूब करायची रीत अशी की, ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल पटावर न करता चिठ्ठीवर लिहायची (आधी सोंगटीचे अक्षर, मग घर), पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून पंचाकडे द्यायचे. पाळी तिची होती. तिने लिहिले, चिकटवले, आणि पंच नव्हता म्हणून पाकीट माझ्याच हातात दिले. "पुढच्या वर्षी बसू," म्हणाली. तीन आठवड्यांत दोन्ही देशांनी एकमेकांच्या खेळाडूंचे येणे-जाणे बंद केले. अजून बंदच आहे. पत्ता घ्यायचे दोघांनाही सुचले नाही. घरे सांगण्यात आम्ही दोघे इतके हुशार, पण स्वतःचे घर कुणीच कुणाला सांगितले नाही.

५. तो डाव माझ्या खोलीत मांडलेला आहे. एकच टेबल आहे, म्हणून मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. सोंगट्या एकेक उचलून पुसतो आणि त्याच घरात ठेवतो. माझी ताई वर्षातून एकदा येते आणि म्हणते, "अरे, एवढं मांडून ठेवतोस, कुणी येणारेय का खेळायला?" मी तिला चहा देतो. ती गेली की पुन्हा कुणी येत नाही.

६. तुमच्या अर्जात अट आहे : कथानक सत्य घटनेवर असल्यास मूळ पुरावा जोडावा. मी बंद पाकिटाची झेरॉक्स आणली. तुमच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "झेरॉक्स चालत नाही हो काका, ओरिजिनल लागतं." मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फोडू नये' लिहून दिले. पण आलेले प्रत्येक पाकीट फोडून आतल्या कागदावर आवक शिक्का मारायचा, ही तुमची पद्धत. तिच्या अक्षरावर आता तुमचा शिक्का आहे. मूळ पाकीट माझ्या हाताने दिले, हा मूर्खपणा माझा. तो मी कबूल करतो. तुमचा तुम्ही करा.

७. खिडकीतल्या त्याच बाईंनी मला विचारले, "काका, एवढी वर्षं तुम्हीच का नाही फोडलंत?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर लेखी देतो. नियम असा : उत्तराची चाल ज्याने द्यायची तो खेळाडू समोर हजर असल्याशिवाय पाकीट फोडायचे नाही, आणि फोडून चाल पटावर केली की त्याच्या विचाराच्या वेळेचे घड्याळ सुरू. मी रोज हजर होतो. पण फोडले असते तर उत्तर द्यावे लागले असते, आणि ते कुठल्या पत्त्यावर पाठवणार होतो? पाकीट बंद होते तोवर डाव चालू होता. एवढेच माझ्याकडे होते.

८. हरकत क्र. १४ : "नाटकास शेवट नाही, तो लिहून द्यावा." महोदय, शेवट तुमच्या कपाटात आहे. त्या स्थितीत तिला दोनच चाली होत्या. हत्तीने माझे प्यादे मारायचे, म्हणजे चार चालींत मी हरतो आणि विषय संपतो. किंवा राजा एक घर मागे घ्यायचा, म्हणजे डाव महिनोन्महिने लांबतो, पुन्हा भेटल्याशिवाय पुरा होत नाही. निघताना, कोट अंगात घालून, तिने यातली एक लिहिली. आवक कारकुनाला ती माहीत आहे, शिपायाला माहीत असेल, तुम्हाला माहीत आहे. मला नाही.

बाकी तेरा हरकती मला मान्य आहेत. खुर्ची उंच करा, युगुलगीत काढा, हवे तर प्रयोगच होऊ देऊ नका. चिठ्ठी तपासून झाल्यावर परत द्या. पण त्याआधी, तपासाला वर्षे लागणार असतील तर ताबडतोब, एवढेच कळवा : चिठ्ठीवरचे पहिले अक्षर हत्तीचे आहे की राजाचे?

तुम्ही पाकीट फोडले त्या दिवसापासून माझे घड्याळ सुरू आहे. उत्तर द्या.

नम्रपणा संपलेला,
(सही)
पडदेवाला
दि. १९

सोबत :
१. डावाची सध्याची स्थिती, हाताने काढलेली.
२. माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले रिकामे पाकीट. हे चिकटवून पाठवावे.