सरकारचं चाललं असतं, लेकीचं नाही

आबा,

नियम बदलला. माजी सैनिकांच्या सरकारी वृद्धाश्रमात आता सीमेवर रस्ते बांधणाऱ्या दलातली माणसंही राहू शकतात. तुमचे राधानगरीचे दोस्त, तुमच्याबरोबर बर्फात सुरुंग लावायचे ते काका, त्यांचा फोन आला. "पोरी, आपुन बी आता फौजी हाय बघ. सरकारनं मान्य केलं." ते आनंदानं सांगत होते आणि इकडं माझ्या अंगाची लाही लाही होत होती. माणूस मेल्यावर, त्याची राख पंचगंगेला मिळून इतकी वर्षं झाल्यावर यांना सुचलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आई गेल्यावर तुम्ही बावड्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत एकटे राहत होता. सैनिकांसाठी सरकारी आश्रम आहे हे कळलं आणि विचारायला जायच्या आधीच अख्ख्या गल्लीला सांगून मोकळे झालात. गल्लीत तुम्हाला सगळे फौजीच म्हणायचे, मग शंका कुणाला येणार? शेजाऱ्यांनी नारळ दिला, टोपी घातली. ट्रंक आणि वळकटी घेऊन आपण दोघं निघालो. तिथला कारकून कागद चाळून म्हणतो, "आजोबा, तुम्ही लष्करात नव्हता. रस्तेवाले तुम्ही. सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही."

"अंगावर वर्दी हुती की साहेब. हुकूम बी फौजेचाच हुता."

"वर्दी असेल हो. नियमात नाही."

आणि तुम्ही काय केलंत? टाचा जुळवून त्या पोरसवदा कारकुनाला कडक सॅल्यूट ठोकलात. मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं. दरड कोसळून तुमचे जोडीदार गाडले गेले, तेव्हा त्या दरडीनं विचारलं होतं का, बाबांनो, तुम्ही व्याख्येत बसता का म्हणून? परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे. "खाट रिकामी न्हाय म्हणत्यात," असं तुम्ही हसत हसत सांगितलंत. बसमध्ये सबंध रस्ताभर तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पण आबा, आज सरकारवरचा राग काढून झाला की खाली तुमच्यावरचा राग उरतो. तो जास्त जुना आहे. माझ्या घरात एक खोली रिकामी होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मला मूल झालंच नाही, म्हणून तुमची रीत काही सुटली नाही. तुम्ही यायचा, गुळाची ढेप आणायचा आणि बाहेर कट्ट्यावर बसायचा. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. हे तुमच्या पाया पडायचे, "मामा, आत या, चार घास खावा." तुमचं एकच, "रीत हाय जावईबापू, मोडायची न्हाय." प्रत्येक वेळी तुम्ही कट्ट्यावरून उठून गेलात की सासूबाई माझ्या पोटाकडं बघायच्या. ते तुम्हाला दिसत नव्हतं? बर्फातनं रस्ता काढणाऱ्या माणसाला लेकीच्या उंबऱ्यावरनं आत यायला रस्ता सापडला नाही होय? सरकारनं वाढलेलं ताट तुम्हाला चाललं असतं. मी वाढलेलं चाललं नाही. शेवटी त्या खोलीत एकटेच गेलात. घरमालकानं दार फोडलं, तेव्हा पातेल्यात भात तसाच होता.

काल काकांना मी स्वतः तिथं पोचवून आले. त्यांना मुलगा आहे, पण तो विचारत नाही. कारकून आता नवा आहे, खुर्ची पुढं करतो, चहा मागवतो. काकांना खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारची रिकामी होती. काका त्या खाटेवर हात फिरवत म्हणाले, "तुजा बा हितं पायजे हुता गं. रातभर बडबडून मला झोपू दिलं नसतं त्यानं." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि वाढपी बाई म्हणाली, "ताई, पावण्यांनी उपाशी जायचं न्हाय हितनं." मी नको नको म्हणत होते. काकांनी हाताला धरून बसवलं.

हे कुठं पाठवायचं? तुमचा पत्ता असता तर आधी तिथं येऊन भांडले असते. कागद घडी करून कपाटात जाईल. पण एक सांगते. मला ते जेवण वाईट निघायला हवं होतं. आमटी पाणचट, भात कच्चा, असं काहीतरी. म्हणजे तुमचं फार काही बुडालं नाही असं मनाला सांगता आलं असतं. पण तसं नव्हतं आबा. भात मऊ होता, गरम होता, आणि वाढताना त्या बाईनं कुणालाच काही विचारलं नाही.