तळचं गवत

५ एप्रिल १९८१, रविवार

स्वतःच्या हाताने केलेले, एकदा लिहून ठेवतो.

टोप : तेलाच्या पंधरा किलोच्या पिप्याचा. खांद्यावर बसेल असा खालून कापला, कडेला सायकलची ट्यूब शिवली. समोर काच, सहा बाय चार, फोटोच्या फ्रेमची, दोन थर.
वजन : बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे तुकडे. पुढे नऊ किलो, मागे नऊ. याहून कमी घातले तर टोप तरंगतो आणि माणूस लटकतो.
हवेचा पंप : दोन जुन्या हापशांची पितळी नळकांडी, एकाच दांड्यावर. एक खाली तेव्हा दुसरे वर. मिनिटाला वीस झोके, एकोणीस नाही.
नळी : साठ फूट. मध्ये दोन जोड, दोन्ही मी केलेले, दोन्ही गळत नाहीत.
पंजा : निंदणाच्या डवऱ्याच्या लोखंडी पासेचा, तीन बोटांचा. गवताच्या मुळाखाली घालायला.
पिशवी : मच्छरदाणीची. उपटलेल्या गवताचा तुकडासुद्धा बाहेर निसटू नये म्हणून.

यातली एकही वस्तू विकत मिळत नाही. आणि आज तलावाच्या घाटावर उभा राहून सरकारी ओव्हरसियर म्हणतो, "काय जी मिस्त्री, डोक्शात पिपा घालून कुठं? तेल आनाले?" सगळे हसले. त्याच्या बुटाला चिखल नव्हता.

चौथी पास आहे मी. बावीस वर्षे लोकांच्या विहिरीत बुड्या मारून मोटारींचे फुटव्हॉल काढले. पाण्याखाली काय असते हे त्याने मला शिकवू नये.

१२ एप्रिल, रविवार

यंदाची पहिली बुडी. घाटापासून चाळीस पावले, खोली नऊ फूट. पंपावर मेश्राम गुरुजी, माझ्या कमरेच्या दोरीवर देवराव ढिवर. दोघेही गेल्या उन्हाळ्यापासून बरोबर आहेत. कोणी कोणाला पैसे देत नाही.

लोक याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला मूळ नसते. याला आहे, आणि मुळाशी चिखलात वाटाण्याएवढी गाठ असते. गाठ राहिली की महिन्यात परत वर. वरून कापले तर आणखी वाईट. बोटभर तुकड्याला दोन पेर असले तरी पुरतात, तो जाईल तिथे रुजतो. हे मी घरच्या टाक्यात करून पाहिले आहे, सहा तुकडे टाकले, पाच रुजले. म्हणून खाली जायचे, पंज्याने गाठीसकट उपटायचे, पिशवीत भरायचे, तलावाच्या पाळीपलीकडे वाळवून जाळायचे. दुसरा उपाय नाही.

आज अकरा पिशव्या. गेल्या वर्षी घाटाकडचा अर्धा तलाव मोकळा केला, तो अजून मोकळा आहे. तळ दिसतो, शिंपले दिसतात. टोपातून पाहिलेला तो तळ मी कोणाला दाखवू शकत नाही याचे वाईट वाटते. उरलेला, गिरडकडचा अर्धा, गच्च. तिथे देवरावचे जाळे बुडत नाही, गवतावरच पडून राहते. उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून मरतात. मासोळीवर जगणारी ढिवरांची नऊ घरे आहेत. देवरावचा धाकटा भाऊ कारंज्याला ढाब्यावर भांडी घासायला गेला. ढिवर, आणि भांडी.

१४ एप्रिल

काम नाही. जयंती. गुरुजी सकाळपासून मिरवणुकीत. पंपाचे वॉशर बदलले.

१९ एप्रिल, रविवार

आज मेलो असतो.

खाली वाकलेलो, पंजा रुतलेला, आणि हवा बंद. पाणी हनुवटीला लागले. तीनदा दोरी ओढली (तीन म्हणजे मला वर घ्या). देवरावने ओढले. वर येऊन टोप काढला तर गुरुजी हात जोडून उभे आणि समोर सरपंच.

"सरपंच साहेब आले म्हून नमस्कार केला जी, एकच मिनिट," म्हणतात.

एक मिनिट! मी म्हटले, "गुरुजी, एका मिनिटात वीस झोके होतात. तुम्ही माझे वीस झोके सरपंचाले देऊन टाकले."

गुरुजींचा चेहरा पडला. सरपंच म्हणाला, "मीच येतो आता पंपावर, मले तरी कोन नमस्कार करते." देवराव मोठ्याने हसला. मी हसलो नाही.

खडूने पंपावर लिहिले : पंपावरच्या माणसाने नमस्कार करायचा नाही. मुख्यमंत्री आला तरी नाही.

२७ एप्रिल

सरपंच तेव्हा कशाला आला होता ते आज कळले. गिरडकडच्या अर्ध्याचे काम ठेकेदाराला दिले. नागपूरचा आहे. डोंगे, विळे, तारेचा दोर, पंधरा मजूर. गवत पाण्याखाली हातभर कापायचे आणि काठाला ओढायचे. गाठी तशाच खाली.

ओव्हरसियरकडे गेलो. पाच कागदांवर आकृती काढून नेली, पेर, मूळ, गाठ, सगळे मोजून. त्याने चहाचा कप त्यावर ठेवला.

"मिस्त्री, तुमी मोटार दुरुस्त करता ना? मंग मोटार दुरुस्त करा."

६ मे

चार दिवस कापताहेत. विळ्याने, हसत हसत. तुकडे वाऱ्याने आमच्याकडे. मी आणि देवरावने रविवारी तलावाच्या मधोमध बांबू आडवे बांधले आणि त्यांना देवरावचे जुने जाळे लावले, तळापर्यंत. देवराव म्हणाला, "हे जाळं बापाचं हाय मिस्त्री, फाटलं तं तुमी विनून द्यान." मी विणून देणार आहे. विणता येते मला.

जाळ्यापलीकडे गवताचे थर. काल मोजले, काठापासून एकोणीस हात. ठेकेदाराचा मुकादम माझ्याकडे पाहून म्हणतो, "भाऊ, तुमाले मासोळी धराची हाय का आमाले?"

डोके फिरते.

१७ मे, रविवार

सात पिशव्या, जाळ्याच्या आमच्या बाजूच्या काठाने. दिवस वाया नाही. पण उपटताना सारखे पलीकडच्या विळ्यांचा आवाज येतो. पाण्याखाली आवाज लांब जातो, हे ओव्हरसियरला माहीत नसेल.

२४ मे, रविवार

घाटाजवळ गवत आले.

मोकळ्या केलेल्या भागात, अगदी घाटाच्या पायऱ्यांपाशी. गेल्या वर्षी मी तिथे तळ हाताने चाचपला होता, एकही गाठ नव्हती. आज उभे राहून कोंब दिसतात, कोवळे, हिरवे, वीतभर.

सरळ स्टँडवर गेलो, चहाच्या टपरीवर मुकादम आणि दोन मजूर बसलेले. बोललो जे बोलायचे ते. म्हणालो, डोंगा इकडे आणायला तुम्ही जाळे वर उचलले, तुमचे तुकडे घाटाला आले, दोन उन्हाळ्यांचे काम मातीत. मुकादम म्हणाला, "कोनं पाह्यलं?"

मी पाहिले नव्हते.

देवराव माझ्यामागून आलेला. तो म्हणाला, "मी पाह्यलं. गिरडच्या बाबाची आन, यायनंच जाळं उचललं." आणि मुकादमाच्या गळ्याला हात घातला. लोकांनी सोडवले.

येताना मी विचारले, "देवराव, तू खरंच पाहिलं?"

"तुमी म्हनता ना मिस्त्री. तुमी कधी चुकीचं मोजलं हाय का?"

बरे वाटले, हे खरे.

२६ मे

जाळे तपासले. एकटाच गेलो, नुसती बुडी, टोप नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिखलात रुतलेले, कुठे उचललेले नाही. उचलले असते तर खालचे दगड हलले असते. मीच बांधलेले दगड, सव्वीस, एकेक पाहिला. सगळे जागेवर. वरून तुकडा गेला म्हणावे तर बांबूंच्या वर हातभर जाळे आहे.

मग घाटाजवळ गेलो. रोपे मोजली, एकेचाळीस. आणि ती कुठेही नव्हती, एकाच जागी होती. घाटाच्या तिसऱ्या पायरीशी जो काळा सपाट दगड आहे त्याच्याभोवती, कमानीत. जसे कोणी दगडावर उभे राहून ओंजळीने बी फेकावे.

त्या दगडावर मी माझा कमरेचा दोर धुतो.

यंदा आमच्या विहिरीला पाणी कमी म्हणून दर रविवारी काम झाले की दोर घाटावर नेतो. पीळ उघडून, हाताने चोळून, चिखल जाईपर्यंत. देवराव म्हणतो, राहू द्या ना मिस्त्री. मी म्हणतो, दोर मळलेला राहिला की कुजतो, आणि कुजला तर खाली मी असतो. एवढ्या नेमाने गावात कोणी दोर धुत नाही.

घरी येऊन पीळ उलगडला. काथ्याच्या आत अडकलेले तुकडे. सात. तीन पेराचा एक. हिरवागार.

पिशवी मच्छरदाणीची. दोर काथ्याचा. पिशवीचा विचार केला आणि दोराचा नाही केला.

२७ मे

कोणाला सांगितलेले नाही. दोर तापल्या पाण्यात उकळला. बायको विचारत होती, दोर कायले उकळता जी? म्हटले, कुजू नये म्हणून. ती म्हणाली, "मीच म्हनलं होतं घाटावर नेजा म्हून, इथं पानी कुठं हाय." तिचा काय दोष. पण रागावलो तिच्यावर. कारण नसताना, खूप.

ती एकेचाळीस रोपे सकाळी जाऊन उपटली. एकटा. गाठी धरल्या नव्हत्या अजून. म्हणजे वेळेवर. पण घाटावर चार बायका कपडे धूत होत्या, त्यांनी पाहिले.

३१ मे, रविवार

बुडी नाही. गुरुजींना म्हणालो पंपाचे काम आहे. खोटे. पंप ठीक आहे.

पुढच्या सोमवारी, आठ जूनला, ग्रामसभा. विषय एकच, घाटाकडचा अर्धाही ठेकेदाराला द्यायचा का. सरपंच म्हणतो गवत तिकडेही परत आले म्हणजे मिस्त्रीची पद्धत चालत नाही. विळ्यानेच करू, सगळे एकदम. म्हणजे पुढच्या वर्षी तलाव पूर्ण भरलेला. मग ढिवरांची नऊ घरे कारंज्याला.

देवराव सभेत शपथेवर सांगणार आहे की जाळे त्यांनी उचलले. घरोघर सांगून आला. म्हणाला, "तुमी आकृती दाखवा, मी आन घेतो. दोघं मिळून ठराव पाडतो."

तो गिरडला गेलता काल. बाबाच्या दर्ग्यात नारळ वाहून आला.

२ जून

खरे सांगितले तर काय होईल हे दोन दिवस जुळवून पाहतो आहे.

माझ्या दोरातल्या तुकड्यांनी घाटाला गवत आले. म्हणजे तुकडा रुजतो, हे मी पहिल्यापासून सांगतो तेच. दोरातल्या मूठभर तुकड्यांनी एवढे होते तर ठेकेदाराच्या लाखो तुकड्यांनी काय होईल. माझी चूक माझेच म्हणणे सिद्ध करते. दोन ओळींत सांगता येते.

पण सभेत पहिली ओळ ऐकली की लोक हसणार. ओव्हरसियर तर टाळी देऊन हसेल. दुसरी ओळ कोणी ऐकणार नाही. आणि देवराव? त्याने माझ्या शब्दावर बाबाची आन घेतली. सगळ्या गावासमोर तो खोटा पडेल, मुकादम खरा.

न सांगितले तर देवराव पुन्हा आन घेईल. यावेळी सभेत.

गुरुजी येऊन गेले. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बोलत नाही हल्ली. माझा नमस्कार अजून लागला की काय?" सांगायला तोंड उघडले होते. मग म्हणालो, चहा घ्या.

राग कोणाचा ते कळत नाही. ओव्हरसियरचा होता तेव्हा सोपे होते.

६ जून

संध्याकाळी ठेकेदार घरी आला. स्वतः. बरोबर सरपंच. पांढरे कपडे, बोलणे गोड, मला मिस्त्रीजी म्हणतो. ती चहा घेऊन आली तर उठून उभा राहिला.

म्हणाला, आपसात वाकडे नको. परवा सभेत तुम्ही एवढेच बोला की घाटावरचे गवत आमच्या कापण्याने आले नाही, तुमच्याच लोकांच्या हातून, चुकून आले. बस. एवढे एक वाक्य. देवराव मग आपोआप गप्प बसेल.

सरपंच म्हणाला, "खरं असो का खोटं असो, मिस्त्री, कोन पाहाले गेलं पान्याखाली?"

मी खाली पाहत होतो. ठेकेदार माझ्या तोंडून जे वदवायला आला होता ते शब्द न् शब्द खरे होते, आणि त्याला ते माहीत नव्हते.

नाही म्हणालो. दारापर्यंत सोडायला गेलो नाही.

त्या एका खऱ्या वाक्याचे दोन हजार रुपये देत होता. सभेआधी रोख.