एका हट्टी बाईंसाठी पुस्तक हवे

सक्करदरा, नागपूर
मंगळवार, दुपारी चहाच्या आधी

तीर्थस्वरूप यमुताईंना,

सक्करदऱ्याहून पुष्पलताचा नमस्कार. गुडघे वाकत नसल्यामुळे तो उभ्यानेच केला आहे, पण मी वाकूनच केला असं तुम्ही धरून चाला. इकडे सगळं ठीक. तुमच्या बंधूंचं बीपी त्यांच्या स्वभावापेक्षा पुष्कळच बरं आहे. तुमची खुशाली रजतला विचारली, तर "सगळं ओके आहे मामी" एवढं म्हणाला. त्याच्या लहानपणी तापात फणफणलेला असतानाही तो हेच म्हणायचा, तेव्हा तुमचा लेक आहे म्हणून सांगते, त्याच्या ओकेवर मी विसंबत नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता का? जेवण जातं का?

कामठीचं अंतर ते केवढं, आणि त्यासाठी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं, की फोनवर मी पुस्तकांचा विषय काढला की तुमच्याकडे दूध उतू जातं. गेल्या महिन्यात चार वेळा गेलं. तिघांच्या घरात एवढं दूध घेता तरी कशाला? पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवून देता येत नाही. शिवाय हे पत्र तुमची नात वाचून दाखवणार, आणि नातीला नको म्हणणं तुम्हाला कधी जमलेलं नाही. (उन्नती बाळा, सावकाश आणि खणखणीत वाच. आजी "राहू दे" म्हणाली तरी थांबायचं नाही. कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचायचा असतो. हा मोठ्याने वाचला गेला असेल तर निदान पुढच्या कंसापासून लक्षात ठेव.)

तर झालं असं. महिन्यापूर्वी मी आपल्या वाचनालयात मासिक बदलायला गेले, तर दारातच संत्र्याच्या तीन पेट्या. मला वाटलं, बळीरामने पुस्तकं देता देता फळांचाही धंदा काढला. वाकून बघते (म्हणजे बळीरामला वाकायला लावते), तर आत पुस्तकं. वरचंच पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर माझंच अक्षर: "यमुताईंना, साठाव्या वाढदिवशी, कॉन्व्हेंटकडून." मी तिथेच बाकावर बसले. बळीराम म्हणाला, "रजतभाऊ आणून देऊन गेले जी. आई म्हणे, माह्यं वाचन झालं, कपाटात आता चादरी ठेवा."

ताई, डोळ्यांचं मला माहीत होतं. मधलं धुकं झालंय आणि कडेकडेचं तेवढं दिसतं, डॉक्टरांनीही हात टेकले, हे सगळं तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं. "आता कोणाचंच नाक दिसत नाही वं मले, बरंच झालं, सारे सारखेच झाले." मीही हसले होते. पण चादरींचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या कपाटाला तुम्ही देव्हाऱ्याच्या आधी हळदीकुंकू लावायच्या, त्यात चादरी!

मी काही रागावून लिहीत नाहीये. माझा काही हेतूही नाही. इकडची गंमत कळवावी एवढंच. गंमत अशी, की मी त्या दिवसापासून एका बाईंसाठी पुस्तक शोधते आहे. त्या बाई शहात्तर वर्षांच्या आहेत, सगळं वाचून बसलेल्या आहेत, हट्टी आहेत आणि त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं आहे, पण तसं त्या कबूल करत नाहीत. तुम्ही त्यांना ओळखत नाही.

आता पुस्तक निवडायचं म्हणजे चार वाचणाऱ्यांना विचारावं. पहिलं बळीरामला विचारलं. तो म्हणाला, ज्याचं बाइंडिंग जास्तीत जास्त वेळा करावं लागलं ते पुस्तक चांगलं, लोकांचे हात लागल्याशिवाय पुस्तक फाटत नाही. मला हे फार पटलं. तीन वेळा बांधलेलं एक जाडजूड पुस्तक त्याने काढून दिलं. घरी येऊन बघते तो विहिरींच्या मोजमापाचा सरकारी अहवाल. दुसऱ्या दिवशी कळलं, की हे पुस्तक वीस वर्षं वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या खिडकीला टेकू म्हणून लावतात आणि दर पावसाळ्यात त्याचा पुठ्ठा भिजतो. मी ते आणल्यामुळे रात्रभर खिडकी आपटत राहिली ती वेगळीच.

मग मारोतराव. तुम्हाला आठवतील, पेपर वाचायला सगळ्यांच्या आधी येऊन कूलरसमोरची खुर्ची धरतात ते. हयात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या लिलावात गेली. त्यांनी मला मोठी शिकवण दिली. "पुस्तकाचं पहिलं पान काय पाहून राहिल्या, वहिनी? वरची फळं सारेच निवडून ठेवतात. माल पाहाचा तर पेटीच्या मधातला." आणि शेल्फातली एक कादंबरी ओढून, बरोबर मधोमध उघडून, लिलावाच्या आवाजात वाचायला लागले. दुसऱ्या वाक्यात त्यातल्या बाईने दार लावून घेतलं. तिसऱ्यात दिवा मालवला. चौथ्यात मारोतरावांचा आवाज एकदम खोल गेला आणि ते चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून सिंधूताई म्हणाल्या, "थांबले काहून? वाचा ना पुढचं. माल चांगला दिसते."

या सिंधूताई मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याची नाडी बघितल्यासारखंच बोलतात. माझी अडचण ऐकून त्यांनी आधी विचारलं, "पेशंटची झोप कशी आहे? पोट साफ असते का?" मी म्हटलं, पुस्तक हवंय हो. "तेच सांगून राहिली. झोप नसन तर प्रवासवर्णन. जेवणानंतर दोन पानं. मन उदास असन तर आत्मचरित्र देऊच नका, दुसऱ्याचं दुःख पाहून माणूस आपलं मोजत बसते." मी म्हटलं, बाई उदास आहेत असं त्या मानत नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग तर डबल डोस लागते."

बँकेतली मेघा तर पुढचीच. तिचा मोबाइलवर वाचकांचा ग्रुप आहे, दोनशे चौदा माणसं. तिने माझा प्रश्न तिथे टाकला. रात्रीपर्यंत एकसष्ट मतं आली. त्यातल्या एकोणीस जणांनी स्वतःच लिहिलेलं पुस्तक सुचवलं. एकाने विचारलं, बाई शाकाहारी आहेत का. दोघांचं भांडण होऊन ते ग्रुप सोडून गेले, आणि एका गृहस्थांनी काहीच न सुचवता गुलाबाचं चित्र पाठवलं, तेच मला सगळ्यांत समंजस वाटले. मग मेघा म्हणाली, काकू, कशाला त्रास, मोबाइलच पुस्तक वाचून दाखवतो. ऐकलं मी. त्यातला माणूस आईच्या मरणाचा प्रसंग इतक्या स्वच्छ आवाजात वाचत होता, जणू पुढची गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे.

मग म्हटलं, आपणच वाचावं, आधी घरी सराव करावा. तुमच्या बंधूंना समोर बसवलं. तिसऱ्या ओळीला घोरायला लागले. मी थांबले की दचकून जागे होतात आणि म्हणतात, "वाच ना, थांबलीस काहून?" असे त्यांनी मला बारा पानं वाचायला लावली आणि शेवटी मत दिलं, "बायको, तू अजूनही मराठी प्रार्थनेसारखं वाचते."

खरं आहे ते. आणि इथे मला जरा मागे जाऊ द्या, ताई. (उन्नती, इथे आजीला पाणी विचार.) मी या घरात आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मराठीतला लांब शब्द दिसला की सायकलवरून उतरून पायी चालल्यासारखी वाचायचे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर लायब्ररीच्या तासाला पुस्तक हातात ठेवायच्या तेव्हा आधी आमचे तळहात उलटेपालटे करून बघायच्या, आणि त्या कपाटात मराठी पुस्तक एकच होतं, तेही शिवणकामाचं. इथे सासूबाई पोथी वाचायला सांगतील या भीतीने मी पहिला श्रावण डोकं दुखतंय म्हणून काढला. तुमच्या ते लक्षात आलं होतं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. दर शनिवारी कामठीच्या बसने माहेरी यायच्या, कापडी पिशवीत दोन पुस्तकं, एक तुमचं, एक माझं. स्वयंपाकघरात वांगी चिरायला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माहे हात भरले आहेत वं, कॉन्व्हेंट. वाच बरं थोडंसं, मले ऐकू दे." मी वाचायचे. अडखळले की तुम्ही विळीवरून मान वर न करता तो शब्द पुटपुटायच्या, जणू वांग्यालाच सांगताय. मला वाटायचं, मी तुमची सोय करते आहे. तुम्ही ते पुस्तक आधी दोनदा वाचलेलं असायचं हे मला रजतच्या मुंजीपर्यंत कळलं नाही.

आणि तुमची मतं! "हे घे, पोट भरते यानं." "हे नको, यातले सारेच शहाणे आहेत." "हे चांगलं आहे पण भर उन्हाळ्यात वाचू नको, जीव घाबरते." तेव्हापासूनच्या चाळीस वर्षांत मी एकही पुस्तक स्वतः निवडलं नाही, ताई. गरजच पडली नाही.

हे मी परवा वाचनालयात बोलून गेले. तर सिंधूताईंनी विचारलं, "त्या बाई कोण ते सांगा ना एकदाचं." मी तुमचं नाव सांगितलं. (उन्नती, आजीचा चेहरा बघू नकोस, वाच.) मारोतरावांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "यमुताईसाठी आमाले विचारून राहिल्या तुमी? अवं, आमी त्यायलेच विचारत होतो!" आणि मग जे निघालं ते असं, की शनिवारी तुम्ही पुस्तक परत करून दारात चपला घालेपर्यंत ही सगळी अकरा जणांची मंडळी तुमच्याभोवती घुटमळायची, ते पुस्तक आपल्याला मिळावं म्हणून. तीन वर्षांपूर्वी तुमचं येणं थांबलं. तेव्हापासून मारोतरावांनी एकही पुस्तक शेवटपर्यंत नेलेलं नाही, मधातून उघडून बघतात आणि ठेवून देतात. सिंधूताई तेच प्रवासवर्णन पाचव्यांदा वाचताहेत. बळीराम म्हणाला, "नवीन पुस्तकं येऊन पडली जी, पण हात कोण लावते? कोणी सांगाले तर पाह्यजे."

तेव्हा तुमचं वाचन झालं असेल तर झालं. मी त्यावर काही म्हणत नाही. फक्त तुमच्या एकटीचं वाचन झाल्यामुळे सक्करदऱ्यातल्या अकरा माणसांचं वाचन बंद पडलंय, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमच्या पेट्यांतली पुस्तकं मी बळीरामला रजिस्टरवर चढवू दिलेली नाहीत. रोज एक खोटं कारण सांगते. सिस्टरांनी मला खोटं बोलायचं शिकवलं नव्हतं, ते मी सासरी शिकले.

थोरांना नमस्कार म्हणायचं, तर आता आपल्यापेक्षा थोर उरलेत कोण? रजतला आशीर्वाद. लोभ वाढवा म्हणायचं माझं वय गेलं, आहे तेवढा सांभाळा.

तुमची कॉन्व्हेंट,
पुष्पलता

ता. क. (फक्त उन्नतीसाठी, मोठ्याने वाचू नये): बाळा, तू इथे गप्प झालीस की आजी "काय लिहिलंय?" म्हणून विचारेल. गुडघ्याच्या तेलाबद्दल आहे असं सांग. तिचा विश्वास बसणार नाही, पण बसल्यासारखं दाखवेल. पत्रासोबत एक लहान पाकीट आहे. ते आता फोड. आजीने "पुरे" म्हटलं असेल तरी फोड.

ता. क. दुसरा (मोठ्याने): यमुताई, पाकिटात एका कादंबरीचं पहिलं पान झेरॉक्स करून घातलं आहे. एकच पान. उन्नती आता ते वाचेल. त्यात एक बाई लग्नाच्या पंगतीत बसली आहे, दोन जिलब्या खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात येतं की या मांडवात आपण कुणालाच ओळखत नाही, आपण भलत्याच लग्नात जेवतो आहोत. ती हळूच उठायला जाते, तोच वाढपी तिला नावाने हाक मारतो. पान तिथेच संपतं. उन्नतीने मोबाइलवर शोधू नये, पुस्तकाचं नाव मी पट्टी ठेवून झाकलं आहे.

ता. क. तिसरा आणि खरा: सोमवारी तीन वाजता शेअर ऑटोने मी पुस्तक घेऊन येते आहे. एकूण दोनशे एकोणीस पानं आहेत. हात रिकामे ठेवायचे नसतील तर वांगी आणून ठेवा, चिरायला मी मदत करणार नाही, माझे हात भरलेले असतील. ऐकून झालं की मत द्यावं लागेल, अकरा माणसं थांबली आहेत. पुस्तक चांगलं निघेलच असं मी सांगू शकत नाही, कारण ते मी बळीराम, मारोतराव, सिंधूताई, मेघा आणि तिची एकसष्ट माणसं, कुणालाही न विचारता उचललं आहे. आयुष्यात पहिल्यांदा. भीती वाटते आहे. वाढप्याला तिचं नाव कसं माहीत, हे मला विचारू नका. दुसरं पान मीही अजून उघडलेलं नाही.