रिकाम्या गावाचा आवाज

२ डिसेंबर
पोचले. कुडाळला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं, आणि एसटीत खिडकी मिळाली. एवढं पाणी असलेला मुलूख मी सोलापूरकडे पाहिलेला नाही. सल्लागार कंपनीने इंटर्नशिपसाठी मला खारवण्याला ठेवलंय, आचऱ्याच्या पुढे, खाडीकाठी. इथे जेट्टी होणार आहे. तिच्या पर्यावरण अहवालासाठी गावातला आवाज मोजायचा. तिपाईवर मीटर लावायचा आणि शेजारी बसायचं. राहायला शेवंतीकाकींची पडवी. त्यांनी आल्या आल्या सोलकढी दिली. "सोलापुराक दर्या नाय? मगे खातास काय गो?" मी हसले. मीटरवर साठ डेसिबल.

६ डिसेंबर
काम सोपं आहे. माडाच्या झावळ्या पस्तीस, दोघींचं बोलणं पंचावन्न-साठ, मासेवालीची हाक सत्तरच्या पुढे. मी बोलत नाही. बोललं की नोंद बिघडते. काकी दिवसभर शेतात. संध्याकाळी लक्षात येतं, सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. आईला फोनवर सांगते, ऑफिसातले सगळे चांगले आहेत. ऑफिस कुडाळला. तिथे एकदाच गेले. जितेंद्र सरांनी मला दिव्या म्हणून हाक मारली. दिव्या ही दुसरी इंटर्न. मार्चमध्ये दोघींतली एकच कायम होणार.

१० डिसेंबर
देवाचा कौल झाला. गावपळण ठरली. तीन दिवस सगळं गाव वेशीबाहेर झोपड्या घालून राहणार, गुरं, कोंबड्या, मांजरं घेऊन. काकी म्हणाल्या, "कोंबयेचा पिल्लू सुदीक मागे ऱ्हवता नये. तीन दिस घर त्येंचा." कुणाचं, विचारलं. "आमच्या आदी ज्येंचा होता त्येंचा," म्हणाल्या आणि तांदूळ भरू लागल्या. मलाही चल म्हणाल्या.
सरांना फोनवर सांगितलं. ते खूश. माणसांशिवाय गावाचा आवाज किती, हा आकडा कुणाच्याच अहवालात नसतो. मी मागे राहते म्हटलं. ते म्हणाले, शाब्बास, किशोरी. पहिल्यांदाच माझं नाव चुकलं नाही.

१२ डिसेंबर
काकींना खोटं सांगितलं, कुडाळला मैत्रिणीकडे जाते. त्यांनी वाटेत खायला गुळाचं खाजं बांधून दिलं. रिक्षाने फाट्यापर्यंत गेले. सगळे बाहेर पडल्यावर खाडीच्या बांधावरून परत आले. मी इथे आहे हे फक्त सरांना ठाऊक. दारांना कड्या, गोठे रिकामे. अंगणात मीटर लावला. भर दुपार. कावळासुद्धा नाही. पान हलत नाही.
आकडा अठ्ठावन्न.

१३ डिसेंबर, सकाळी
बॅटरी बदलली. मीटर तपासला, ठीक आहे. बासष्ट. मला काहीच ऐकू येत नाही. परसात चौसष्ट. विहिरीवर सत्तर, बायका पाण्याला जमल्यासारखे. सगळ्यात जास्त पडवीत, माझ्या अंथरुणापाशी.

दुपारी
सरांना फोन लावला. मीटर, एवढंच म्हटलं. ते चिडले. मागे एवढी माणसं कोण बोलतायत, गाव गेलं नाही का, तुझा शब्द कळत नाही. मी मोठ्याने बोलले. ते म्हणाले, "एकेकाने बोला हो." मग ठेवला.

१४ डिसेंबर
मीटरसमोर माझं नाव घेतलं. मग ओरडून. आकडा हलला नाही.
नोकरी राहू दे. काकींना खरं सांगायचं, त्यांच्यात जाऊन बसायचं. वेशीपर्यंत गेले. झोपड्यांचा धूर दिसला, काकी चुलीपाशी. हाका मारल्या. कुत्री सगळी माझ्याकडे तोंड करून उभी. माणूस एकही वळला नाही. वेशीवर पाय टाकला आणि — अंगणात होते. पुन्हा गेले. पुन्हा अंगणात —

संध्याकाळी
आता मलाही ऐकू येतं. थोडं. भांडी. कुणाचं तरी खोकणं. कुणीतरी विचारलं, जेवलंस काय गो —
मी हो म्हटलं.
आकडा हलला.

१५ डिसेंबर
ढोल. गाव परतलं. काकींनी कोंबड्या सोडल्या, पडवीत एकही शिरेना. मी म्हटलं, काकी, मी खोटं बोलले, मी इथेच होते, काकी — त्यांनी माझ्या पायांवरून केर काढला. तिपाई बघून म्हणाल्या, "सोलापुराचा चेडू मशीन इसारला. फोन करूक व्हयो."
मग उंबरठ्यावर पाणी शिंपडलं. हात जोडले. "तीन दिस ऱ्हवलास, बरा झाला. आता जे कोण आसास त्येनी आपापल्या जाग्यार जावा. आमचा घर आमका सोडा."
माझे पाय उठले —
मागच्या दाराने सगळे निघालेत. गर्दी. एकमेकांना हाका मारत, हसत — मी खांब धरून — काकी, हात द्या, एकदा माझ्याकडे —
त्या तांदूळ निवडतायत.
दारात कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय. इतका वेळ कुणी — येते म्हटलं. आईला दोन ओळी लिहिते आणि —