पाचाडच्या भाषणातलं घर

महाड,
शनिवार, सकाळ

प्रिय निशिगंधा,

महाडहून पोलादपूरला यायला एसटीने पाऊण तास पुरतो. तरी पत्र लिहिते आहे, कारण समोर आले तर मी भाषण करीन. तुझ्या बाबांच्या ओटीवर उभी राहून आवाज चढवीन, आणि तू नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढे करशील. कागदावर निदान खोडता येतं. आधीची दोन पानं फाडली; दोन्हींत तिसऱ्याच वाक्याला समस्त स्त्रीजात येऊन उभी राहिली होती. सकाळपासून चारदा उठले. चहा ठेवला तो उतू गेला. गच्चीवर जाऊन उगाच सावित्री नदीचं पाणी बघून आले. बसवत नाही, आणि बसल्याशिवाय लिहिता येत नाही.

ईरा परवा फोनवर म्हणाली, "आजी, कशी हायस गो?" तीन महिन्यांत पोलादपूरच्या शाळेने दुबई पुसून टाकली म्हणायची! मी खूप हसले, आणि मग फोन तुझ्याकडे द्यायला न सांगताच ठेवून दिला. तू पलीकडे उभी होतीस, मला माहीत आहे. मेडिकलच्या दुकानातून आली होतीस, जेवायची होतीस, तरी थांबली होतीस. त्याचं कारण सांगते.

मंगळवारी सुहास आला होता. तो आता तुमच्या घटस्फोटाच्या दाव्यात अवधूतचा वकील असला तरी माझा विद्यार्थी. वक्तृत्व स्पर्धेत वाक्य कुठे थांबवायचं ते मीच त्याला शिकवलं. पाया पडला आणि टेबलावर प्रतिज्ञापत्राचा मसुदा ठेवला. पोलादपूरची माझी जमीन महामार्गात गेली, तिच्या मोबदल्यातून दुबईतला फ्लॅट मी स्वतःसाठी घेतला, मुलाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मी शपथेवर सांगायचं. अवधूतने कोर्टात दिलेल्या मालमत्तेच्या यादीत परदेशातल्या घरापुढे 'निरंक' लिहिलं आहे, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या फार्मसीच्या पगारावर घर चाललं, ईराची फी गेली, म्हणून त्याच्या पगारातून त्या फ्लॅटचे हप्ते भरता आले. आणि ते घर निरंक!

मी म्हटलं, "सुहास, हे खोटं आहे रे." तो म्हणाला, "बाई, कागदावर नाव तर तुमचंच आहे. आणि तिकडच्या भिंतींपर्यंत इथल्या कोर्टाचा हात पोहोचत नाही. एक सही करा. तुम्हाला फारसं बोलावंही लागणार नाही." चाळीस वर्षं बोलत आलेल्या बाईला केवढी ही सोय! प्रत्येक वाक्यानंतर अगदी मी शिकवला होता तेवढाच थांबत होता. सोमवारी तो कागद न्यायला येणार आहे.

आता माझं नाव तिथे कसं लागलं ते. दोन हजार एकोणीसच्या गणपतीत अवधूत आला तो कागदांची फाईल घेऊन. तू दुबईतच होतीस, तुला रजा मिळाली नव्हती. मी आरतीची तयारी करत होते. "आई, तिकडे घर घेतोय, तुझ्या नावावर," असं म्हणाला आणि मी हात पुसून नऊ ठिकाणी सह्या केल्या. भज्यांना गुंडाळलेला कागदसुद्धा सरळ करून वाचणारी मी, त्यातली एक ओळ वाचली नाही. आई म्हणून सुखावले होते गं. त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी माणगावला सभेत होते. मुलगा ते विसरला असं मला त्या दिवशी वाटलं. आईचं का, बायकोचं का नाही, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

हे शेवटचं वाक्य खोडते. सुचला होता. नवव्या सहीला सुचला होता, आणि मी आरतीची घंटा हातात घेतली.

पुढच्या जानेवारीत पाचाडला जिजाऊंच्या समाधीजवळ माझं भाषण झालं. तू सुट्टीवर आली होतीस, ईराला घेऊन पहिल्या रांगेत बसली होतीस. विषय तोच, घरावर बाईचं नाव. बोलता बोलता मी म्हणाले, "माझ्या मुलाने परमुलखात स्वतःच्या कमाईने घर घेतलं आणि त्यावर पहिलं नाव लावलं ते आईचं!" काय टाळ्या पडल्या! तुला त्या घराचा हप्ता माहीत होता, नाव माहीत नव्हतं. ते तू माझ्या तोंडून, हजार माणसांत ऐकलंस. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तू खाली वाकून ईराच्या बुटाची नाडी बांधत होतीस. टाळ्या थांबल्या तरी बांधतच होतीस. परतताना जीपमध्ये एवढंच म्हणालीस, "आई, घसा बसलाय तुमचा. आल्याचा चहा घ्या." आणि मी घेतला. ती जीप घाट उतरून महाडात येईपर्यंत मला एक प्रश्न विचारायला जागा होती. मी तुला विचारलं ते, भाषण लांबलं का.

दोन हजार एकवीसला या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हाही तू सुट्टीवर इथेच होतीस. माझ्या पुस्तकांचा चिखल झाला होता. तू एकेका पानात वर्तमानपत्र घालून, हलक्या हाताने इस्त्री फिरवून, तीनशे पुस्तकं वाचवलीस. मी वाचून शहाणी झाले असं लोक म्हणतात. ती पुस्तकं वाळवणारी बाई काय विचार करत असेल, हे मी कधी वाचलं नाही. खालचा मजला दुरुस्त करायला मी तेव्हा जमिनीच्या मोबदल्याची ठेव मोडली. बँकेत तू माझ्याबरोबर होतीस. म्हणजे फ्लॅट घेतला त्यानंतर दोन वर्षं तो मोबदला महाडच्या बँकेत जिथल्या तिथे होता. सुहासच्या कागदातलं पहिलंच वाक्य माझं पासबुक खोटं पाडतं.

आता तू म्हणशील, एवढं सगळं ठाऊक असताना मंगळवारपासून तो कागद फाडला का नाही? फाडला नाही, कारण अवधूत रोज फोन करतो. ओरडत नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्यांशी मी जन्मभर लढले आहे. तो हळू बोलतो. म्हणतो, "आई, इथली नोकरी कधीही जाईल. ते घर सोडून माझ्याकडे काही नाही. तू जगासाठी बोललीस, एकदा माझ्यासाठी गप्प बस." चार दिवस मी तो मसुदा टेबलावरून कपाटात आणि कपाटातून टेबलावर ठेवते आहे. एकदा तर पेनाचं टोपण काढलं होतं. तुझ्यापासून हेही लपवत नाही.

मग काल राहीबाई आली. तुला आठवत नसेल. वीस वर्षांपूर्वी मी पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून फिरत होते, घरपट्टीच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून. कशेडीच्या पायथ्याला चांगू म्हणून एक शेतकरी होता. सगळ्या वाडीसमोर म्हणाला, "लावतो गो बाय. पन तुझ्या घरावर तुझ्या सुनंचं नाव लागंल तवा मला बोलीव. लाडू खाईन." वाडी खो खो हसली. त्याने नाव मात्र लावलं. राहीबाई त्याची बायको. चांगू आता नाही. मुलांना रस्त्याकडेचं ते घर ढाब्यासाठी विकायचं होतं, हिने अंगठा दिला नाही. "माझं नाव हाय त्याच्यावर," म्हणाली, आणि विषय मिटला. हे सांगायला ती पिशवीत नाचणीचे लाडू घेऊन महाडपर्यंत आली. मला विचारते, "सूनबायचं नाव लागलं का गो? म्हातारा गेला, पन त्याचा लाडू रायला हाय."

मी म्हटलं, "हो, लागलं."

किती सहज म्हटलं! ती इतकी खूश झाली. माझा हात धरून म्हणाली, "मंग तिला सांग, कोनी कितीबी गोड बोलूंदे, आंगठा देऊ नको." ती गेल्यावर मी तो मसुदा उघडून वाचायला घेतला. पहिल्यांदाच नीट, शेवटपर्यंत वाचला. राहीबाईला दिलेलं उत्तर आणि त्या कागदावरचं माझं उत्तर, दोन्ही सारखीच खोटी होती. फरक एवढाच की एक मी फुकट दिलं होतं.

म्हणून हे पत्र. मसुदा मी फाडलेला नाही, सही न करता सोबत पाठवते आहे. तुझ्या वकिलांना तो उपयोगी पडेल. पासबुकाच्या पानाची प्रत आहे. आणि वाचनालयातल्या मानसीने पाचाडचं ते भाषण तेव्हा मोबाइलवर घेतलं होतं, ते पेनड्राइव्हमध्ये घातलं आहे. 'स्वतःच्या कमाईने' हे माझे शब्द बाराव्या मिनिटाला आहेत, स्वच्छ ऐकू येतात. कोर्टाचा हात दुबईच्या भिंतींपर्यंत पोहोचत नसेल, माझ्यापर्यंत पोहोचतो. ते घर तुला आणि ईराला किती मिळावं ते न्यायाधीश ठरवतील. तिकडच्या कागदांवर माझी सही लागली तर देईन, या वेळी वाचून. अवधूतला मी आधी फोन केला. सगळं सांगितलं. त्याने फोन बंद केला. तो माझा मुलगा आहे आणि राहील. मी त्याची कोण राहीन, ते त्याने ठरवायचं आहे. सुहास मला उलट प्रश्न विचारील, आणि मी त्याला शिकवलं तिथेच थांबेल. मला विचारलं तेवढंच मी बोलेन, भाषण करणार नाही. वीस वर्षं गावोगाव पुरुषांना सांगत फिरले, नाव लावा, नाव लावा. आज तुला सांगते. पुढच्या तारखेआधी तुझ्या साक्षीदारांच्या यादीत माझं नाव लाव.

निकाल काहीही लागो,
तुझीच,
चारुशीला