अप्पा, तुमचं लाडकं युद्ध

अप्पा,

मिरजेच्या घरात रविवारचा नारळ तुम्हीच खवायचात. विळीवर एक पाय मुडपून बसायचात आणि हाताबरोबर तोंडही चालायचं. मी समोर पाटावर. त्या रविवारी तुम्ही अमेरिकेच्या चौथ्या अध्यक्षाची गोष्ट सांगत होतात. ठेंगणा, किडकिडीत, सदा आजारी माणूस, पण अठराशे बारा साली त्याने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं. पुढे इंग्रज थेट वॉशिंग्टनमध्ये घुसले. अध्यक्ष निसटला, त्याच्या बायकोने भिंतीवरची मोठी तसबीर नोकरांकडून उतरवून घेतली आणि तीही निघाली. मेजावर मांडलेलं जेवण तसंच राहिलं. "इंग्रज आले, पोटभर जेवले आणि त्याच घराला आग लावली!" असं म्हणताना तुमचा हात असा हलला की खोबरं ताटाबाहेर उडालं. आईने शेगडीजवळून विचारलं, "अहो, पण ते जेवण रांधलं कुणी? त्या बायकांचं पुढे काय झालं?" तुम्ही म्हणालात, "इतिहासात मध्ये मध्ये बोलू नये. तू भाताकडे बघ." मी खुदकन हसले. आई भाताकडे बघत राहिली.

आज मला त्या रविवारचा राग येतोय. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला गुडघाभर बर्फ पडलाय, टीव्हीवर दिवसभर वाळवंटाचे नकाशे दाखवतायत, आणि तुमचा नातू वरच्या खोलीत बॅग भरतोय. परवा त्याचं युनिट निघेल. इराकला, हे अजून कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही हायस्कुलात इतिहास शिकवायचात. कुणा गोऱ्या इन्स्पेक्टरने तुमच्या वडिलांना त्यांच्याच शाळेच्या व्हरांड्यात दुपारभर उभं ठेवलं होतं, ते तुम्ही विसरला नाहीत. तरी मला मात्र हौसेने नन्सच्या शाळेत घातलंत, माझे इंग्रजी उच्चार ऐकून खूश व्हायचात. तुमचा हिशेब साधा होता. इंग्रजांशी जो भांडला, तो आपला. मग तो आयरिश असो, जर्मन असो, नाहीतर गुलाम पाळणारा अमेरिकन जमीनदार असो. ही चूक तुमच्या पिढीतल्या आपल्याच लोकांनी करावी. मला कळायची, आणि लोभसही वाटायची. तुमच्या खादीच्या कोटाच्या वासासारखी ती मला तुमचीच एक गोष्ट वाटायची. पण तुम्ही ती माझ्या मुलाच्या हाती दिलीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मिरजेला यायचो. मी दारातून बघतेय, तुम्ही जाजमावर त्याच युद्धाची काडेपेट्यांची जहाजं मांडली आहेत. सात वर्षांचा तो पोटावर पालथा पडून एकेक इंग्रजी जहाज फुंकरीने बुडवतोय. "आजोबा, डिड वी विन?" "म्हणजे काय! आपणच जिंकलो!" तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन अंगणात नाचलात. तुमचं ते लटकं होतं, अप्पा. तुम्ही मिरजेचे, ना तुमची ती जहाजं, ना ते युद्ध. तो मात्र इलिनॉयमध्ये जन्मलेला. त्याने ते खरं धरलं.

दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर एकदा पेट्रोल पंपावर कुणीतरी त्याला ओरडून सांगितलं, तुझ्या देशात परत जा. महिन्याभराने जेवताना तो म्हणाला, "आई, आय साइन्ड अप. आर्मी रिझर्व्हमध्ये. बोलावतील तेव्हाच जायचं, कॉलेज चालूच राहील." माझी तव्यावरची पोळी जळली. ह्यांनी विचारलं, "कुणाला विचारून?" तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा वुड बी सो प्राउड, ना?" त्या घटकेला तुम्ही समोर असतात, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलले नाही तशी बोलले असते.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिळगूळ वाटत होते, तर नोकरीत नुकताच इकडे बदली होऊन आलेला एक पुण्याचा मुलगा म्हणाला, "काकू, ग्रेट हं! आपला एक तरी मुलगा आर्मीत. मी तर यार बर्फात ड्राइव्ह करायलाही घाबरतो." मी म्हटलं, "मग तू जा त्याच्याऐवजी." तो हसला. "काकू, व्हिसावाल्यांना घेत नाहीत हो!" बायकाही हसल्या. मी गोड बोला म्हणत पुढे गेले.

मग मी लायब्ररीत जाऊन तुमचं युद्ध वाचलं. अप्पा, ते पुकारताना त्यांच्या संसदेतच कितीतरी जणांना ते नको होतं. कॅनडा सहज खिशात येईल असं तरण्या पुढाऱ्यांना वाटत होतं. तिथल्या राजधानीतल्या सरकारी इमारती अमेरिकनांच्या फौजेने आधी जाळल्या, वॉशिंग्टन नंतर जळलं. ज्या कारणांसाठी लढले, त्यांतलं एकही तहात आलं नाही. सीमा होत्या तिथेच राहिल्या. खरे हरले ते इथले मूळचे लोक, ते दोन्हीकडून हरले. आणि ते जेवण गुलामांनी रांधलं होतं. आईने बरोबर प्रश्न विचारला होता आणि तुम्ही तिला भाताकडे बघायला लावलंत. तुम्हाला हे माहीत नव्हतं? की माहीत होतं, आणि पोराला मजा यावी म्हणून गाळलंत? दोन्हींतलं कुठलं मला जास्त लागेल, ते मी अजून ठरवू शकले नाही.

आणि आता ऐका. ह्या खेपेला इंग्रज त्याच्या बाजूला आहेत. तुमचा नातू त्यांच्या खांद्याला खांदा लावून तिसऱ्याच कुणाच्या घरात शिरणार आहे. तिथेही कुणीतरी जेवण मांडून ठेवलं असेल. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आय ड्राइव्ह अ ट्रक. दॅट्स इट." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा.

काल दुपारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने आपलं काय कुणाला द्यायचं ते सगळं सांगून टाकलं. मी ते कुणाशी बोलू शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. गाडी बहिणीला, पण तिने थंडीत इंजिन तापल्याशिवाय पळवायची नाही. ड्रम्स कॉलेजातल्या रूममेटला. कुत्रा मला. मला तो कधी आवडला नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणूनच मला. देवघरातला तुमचा फोटो त्याने स्वतःसाठी मागितला. मी फ्रेम उघडून दिला, पाठीमागची धूळ पदराने पुसून दिला. माझा राग फोटोबरोबर जाऊ नये, म्हणून तो सगळा ह्या कागदावर ठेवला आहे, आणि हा कागद कुणालाच नाही. मुलीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तिच्या हाती लागला तरी चालेल.

एक तेवढं सांगायचं राहिलं. सॉकर खेळताना त्याचा उजवा गुडघा एकदा निखळला होता. आर्मीच्या डॉक्टरने तो पास केला. मी रोज सकाळी दिवा लावून मागते, की तो पुन्हा निखळू दे.