सरसाच्या भांड्याखाली जळालेली मांडणी

नाना, मी लाकडात केलेला सांधा चांगला होता असं तुम्ही म्हणाला होतात, हे मला काल कळलं. आत्यानं सांगितलं आणि आईनं दुजोरा दिला. माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं, एकाच्या सांगण्यावर मी विसंबत नाही, म्हणून दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं. सांगणं जुळलं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि कालपासून मी तुमच्यावर नव्यानं चिडले आहे.

आत्या पारोळ्याहून आईला भेटायला आली होती. आई आता माझ्याकडे जळगावलाच असते. पुढच्या खोलीत माझं पुस्तकांचं कपाट अर्धवट उभं आहे. जपानी-चिनी धाटणीचं आहे, चित्रं बघून बघून मीच कागदावर काढलं. वरच्या फळीची टोकं तिकडच्या देवळांच्या छपरासारखी किंचित उचललेली, कप्पे एका ओळीत न ठेवता पायऱ्या-पायऱ्यांचे, आणि सगळ्यात खिळा एकही नाही. फळीचं टोक खाचेतून आरपार काढायचं आणि बाहेरून लाकडी पाचर मारायची. आत्यानं त्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि चहाची बशी हातात घेता घेता सहज बोलून गेली, "भाऊ तवयच बोलना व्हता, पोरना हात बसेल शे." भाऊ म्हणजे तुम्ही, पोर म्हणजे मी. आई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. नंतर स्वयंपाकघरात विचारलं तेव्हा म्हणाली, हो, त्याच दिवशी जेवता जेवता म्हणाले होते. मग मला का नाही सांगितलं? "तुना डोकामा हवा जाई म्हनीसन."

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मी आठवीत. धुळ्याच्या आपल्या सुतारी दुकानात तुमचे कारागीर, दारांच्या चौकटी, सागवानाचा वास. मला उंबऱ्याच्या आत यायची परवानगी चहा आणण्यापुरतीच. अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, म्हणून त्या दिवशी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून फडक्यावर मांडलेली असायची आणि दुकानात कुणी नसायचं. मला दुसरा दिवस कुठला होता? तुमच्या अमावास्या साधून मी पटाशी चालवायला शिकले. कापून उरलेल्या सागाच्या तुकड्यांची दोन फळ्यांची मांडणी केली, शाळेच्या पुस्तकांसाठी. तीही बिनखिळ्याची, कारण खिळे तुम्ही कुलपात ठेवायचात.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन येते तर ती मांडणी तुमच्या हातात आहे. "हाई कोनी करं?" तुम्ही विचारता. मी पुढे होते. तुम्ही ती उलटी करता, सांध्यावर अंगठा दाबून बघता, पुन्हा बघता. म्हातारा कारागीर हसून म्हणतो, "नाना, तुमनी जागा गई आते." सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. "अमावास्याना दिन, आनि पोर व्हईसन," एवढंच म्हणता, आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं ज्या चुलीवर उकळत होतं, तिच्यात ती मांडणी घालता. साग वाळलेला होता, लगेच पेटला. मी चहाचे पेले गोळा करून घरी गेले.

इतकी वर्षं मी समजत होते की काम भिकार होतं म्हणून जाळलंत. वाईट वाटायचं, पण त्यात एक न्याय होता. सुतार वाईट काम ठेवत नाही. आता कळतं, काम चांगलं आहे हे अंगठ्यानं ओळखून मग तुम्ही ते जाळलंत. चार माणसं हसली म्हणून. आणि घरी येऊन भाकरी मोडता मोडता माझं कौतुक केलंत, मी सोडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. मी शेजारच्या खोलीत रडत होते, नाना. मधे एक भिंत होती. त्या कौतुकाचा आईला काय उपयोग होता? आत्याला काय उपयोग होता?

पुढे माझ्या चुलतभावाला तुम्ही हाताला धरून सगळं शिकवलंत. तो आता प्लायवूडची किचन ट्रॉली बसवून देतो. मी साठीच्या उंबरठ्यावर मोबाईलवर परदेशी सुतारांचे व्हिडिओ बघून शिकले. त्यांच्या हवेत जळगावचा मे महिना नाही. गेल्या वर्षी कपाटाची पाठ ऐन उन्हाळ्यात चौकटीत घट्ट ठोकून बसवली. श्रावणात फळी फुगली आणि तिनं चौकटीचा कोपरा फाडला. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडायची असते, हे तुम्ही गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचात. मला सांगायला तुमच्या तोंडाचे किती शब्द गेले असते? फाटलेली चौकट मी जाळली नाही. कोपऱ्यात उभी आहे, रोज दिसते.

हे दुसरं कपाट. या वेळी फट सोडली आहे. पाठ बसली, कप्पे बसले, पाचरी तासून तयार आहेत. त्या मारल्या की काम संपलं. आज सकाळीच मारायच्या होत्या. आईनं दोनदा येऊन बघितलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते: आज अमावास्या आहे. पटाशी, रंधा, करवत पुसून फडक्यावर ठेवली आहेत, आणि दिवसभरात मी त्यांना हात लावलेला नाही. तुमच्यासाठी नाही. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. पाचरी उद्या मारीन. श्रावणात पाठ फुगेल; कोपरा तेव्हा टिकला तर टिकला.